वांग्याच्या वावरातून दिलेली उत्तरं

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, आपले सरपंच पुंजाजीभाऊ, शहरातून मेडशीपर्यंत आलेले आदरणीय डॉक्टर अनुप साहेब, आणि समोर बसलेल्या माह्या मायबहिणी अन् भाऊहो, साऱ्याइले सोजरबाईचा रामराम.

आज आमा म्हाताऱ्याइचा सत्कार हाय म्हनतेत. शाल हाय, नारळ हाय. पण भाऊ, सत्कार कायचा? हा तं निरोप हाय! मोबाईलवर तब्येतीचा अभ्यास चालू हाय, त्याच्यातून सत्तरीवरच्या माणसाइले काढून राह्यले. साहेबानं आत्ताच गोड शब्दात सांगतलं, आमची उत्तरं भरवशाची नाहीत.

खरं हाय साहेब, आधीची नव्हतीच. फोन रोज सकाळी विचारे, "आजी, आज कसं वाटते?" अन् फोन कोनाच्या हातात? माह्या सुनेच्या, राधिकाच्या. तिच्यासमोर गुडघे दुखतेत म्हनू? थे बिचारी दिवसभर खपते, तिले वाटन बुढी टोमणा मारून राह्यली. मंग मी म्हनो, "बरं हाय." घरोघरी हेच. साऱ्या मेडशीत एक म्हातारं बिमार नव्हतं! हसू नका, तुमीही त्यातलेच.

मंग मी फोन चालवनं शिकली. एकटी वांग्याच्या वावरात गेली अन् जे होतं थे बोलली. चक्कर येते. झोप लागत नाही. पोरगा मालेगावले गेला का जीव घाबरते. माह्यं पाहून कमलीबाई तुरीत जाऊन बोलली, धरमसिंगभाऊ गोठ्यात.

अन् उत्तरं तपासनारं तुमचं मशीन काय म्हनते? कालपर्यंत बरी होती, आज एकदम इतकी बिमार कशी? बुढी खोटं बोलते! वा रे वा! खोटं बोललो तवर ठेवलं, खरं बोललो तं काढलं. काहून? तरन्या पोराइले विचारून म्हातारपन समजन काय तुमाले?

राधिका, तू मांगं बसली हाय, ऐक. तुह्यावर माहा राग नाही. पन आता मी वावरात लपून बोलनार नाही. साहेब, घ्या लिहून. सोजरबाईचे दोनी गुडघे दुखतेत. परवा न्हाणीत पडली, अन् कोनाले सांगतलं नाही.

बस, राधिका. रडू नको.

पुंजाजीभाऊनं बोलू देलं, त्याइचे उपकार. साहेब, तुमी आमाले विचारलं तरी, त्याचेही उपकार. तोंडातून जास्तीचं गेलं असन तं बुढीचं बोलनं म्हनून पोटात घाला. पन शालीसाठी माह्यं नाव पुकारू नका, मी उठनार नाही. उद्या सकाळी माहा फोन वाजला पाहिजे.