‘येतो’ म्हणून निघालो

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर समजून घ्या. सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

कळंब्याच्या पुढे नवीन पार्क झाला, तेव्हा आम्ही पहिल्यांदाच पोरांना घेऊन फिरायला गेलो. धाकटा बायकोच्या खांद्यावर झोपला, म्हणून तिथल्या भूतबंगल्यात मी आणि चार वर्षांची पिंकी, दोघंच गेलो. सांगाडे बघून ती हसत होती. शेवटच्या कोपऱ्यात मात्र थांबली आणि अंधारात बघून म्हणाली, "येतो हं, मावशी." आमच्याकडे पोरीही ‘येतो’च म्हणतात.

अंधारातून बाईचा आवाज आला, "ये की."

कामाला ठेवलेली बाई असेल, असं वाटलं. बाहेर आल्यावर दारावरच्या माणसाला म्हटलं, "तुमच्या मावशी लई प्रेमळ हायत."

"कुठल्या मावशी? पावणं, आत कोण न्हाय. समदं मशिनीवर चालतंय."

घरी आल्यावर पिंकी चपला काढेना. बायको ओरडली, तर म्हणते, "मावशी वाट बघाय लागल्यात. मी येतो म्हटलंय की!"

मी समजावलं, "अगं, निघताना तसं म्हणायचं असतं. खरंच परत जायचं नसतं."

"मग त्यांना सांगा की तसं."

पोरगी चपला घालूनच झोपली.

निघताना ‘जातो’ म्हणणं आपल्यात अशुभ. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच तिकीट काढून त्या कोपऱ्यात गेलो, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "मावशी, आम्ही जातो."