सरांनी धरलेला नंबर

मंचावरचे आपल्या संस्थेचे अध्यक्षसाहेब, सरांच्या घरची मंडळी, आणि चौसाळ्याहून, वाड्यावस्त्यांवरून आलेले तुम्ही सगळे. सरांच्या या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय. सांभाळून घ्या.

मी कांचन. विभूते सरांच्या पहिल्या विशेष तुकडीतली. आज विद्यापीठात शिकवते. नव्या मंडळींसाठी सांगते. आपलं कॉलेज सहकारी कारखान्याच्या संस्थेचं. सरांनी इथं हुशार पोरांची वेगळी तुकडी काढली. दोन वर्षं इथं जादा अभ्यास, मग परीक्षा देऊन विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला. आम्ही ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं. विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे, हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

तो दुष्काळ आठवतो ना? टँकरचा काही नेम नसायचा. हंडा नंबरात ठेवायचा आणि हंड्यापाशीच बसायचं. माणूस दिसलं नाही की हंडा बाजूला. आईबाप तोडीवर, घरी म्हातारी माणसं, पाणी आम्हा पोरींकडं. नेमकी तेव्हाच परीक्षा आली. आम्ही म्हटलं, "सर, आमी न्हाई येत."

परीक्षेच्या दिवशी सकाळी, कपाळाला भस्म लावून सर आमच्या हंड्यांपाशी उभे. गयाकाकू म्हणाल्या, "मास्तर, बायकांच्या नंबरात कावून?"

"पोरी पेपर लिहायल्यात. तवर मी हाय."

संध्याकाळी परत आलो, तर घरोघर पाणी भरलेलं. काकू म्हणाल्या, "तुमच्या मास्तरला हंडा उचलता येत न्हाई बाई. लई सांडलं."

अध्यक्षसाहेब, आमचा निकाल लागला तेव्हा तुम्ही सरांना विचारलं होतं, हुशार पोरं निघून गेली तर आपल्या कॉलेजात राहणार कोण? प्रश्न खोटा नव्हता. सर म्हणाले, "साहेब, कारखान्यात साखर काय गोदामात ठेवायला करतो का आपण?" तुम्ही हसला होतात. हसत हसत आमच्या कॉलेज सोडल्याच्या दाखल्यांवर सही केली होती.

आज या पुढच्या रांगेत चार पोरं बसलीत. सरांची शेवटची तुकडी. विद्यापीठात जागा मिळाल्यात, दाखले मात्र इथं अडकलेत. परवा मुदत संपते. सर आजारी होते तेव्हा ऑफिस म्हणायचं, सर बरे होऊ द्या. आता म्हणतं, सर गेले, तुकडी संपली, इथंच तिसऱ्या वर्षाला बसा. कोणी ठरवलं हे? सरांच्या समाधीची माती अजून वाळली नाही.

दवाखान्यात सरांनी मला एकच विचारलं. "दाखले निघाले का गं?"

"न्हाई, सर."

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

मला राग येतो, साहेब. शोकसभेत राग बोलू नये म्हणतात. मग कुठं बोलू? उद्या हा मांडव निघेल, तुम्ही गाडीत बसाल, आणि ही पोरं ऑफिसच्या दारात उभी राहतील. त्यांच्यासाठी नंबर धरणारा माणूस आता नाही.

श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभं राहायची रीत आहे. आज मी घड्याळ बघणार नाही. सर हंड्यांपाशी टँकर येईपर्यंत उभे राहिले. आपणही तसंच उभं राहू. मौन अध्यक्षसाहेबांनी सोडावं, दाखले कधी देता एवढं सांगून.

सर, तुमचा नंबर आता आम्ही धरलाय.

उठा मंडळी.