बटण बंद

—तर ठेव विश्वास, ठेवून दाखव. चर्चच्या या मंडळीच्या तरुण संघातली सगळ्यात तरुण मेंबर मी. हसू नको, पाळकसाहेब, आणि ती मापाची टेप ठेव इथं टेबलावर. पायऱ्या कुठं पळून जातायत, त्या काय माणसं आहेत? लग्न झालं की तरुण संघातून काढतात आणि महिला मंडळात घालतात, तशी मीही गेले होते. मग महिला मंडळानं मला काढलं. का म्हणजे, अध्यक्षीणबाईंच्या चहात मीठ पडलं. पडलं म्हणजे, पाडलं. त्या प्रार्थना फार लांबवायच्या, सगळ्यांचा चहा गार व्हायचा. मग मला ठेवायचं कुठं? ज्येष्ठांच्यात मी बसणार नाही म्हणाले, तिथं सगळे एकमेकांच्या गोळ्या बघत बसतात. म्हणून तरुण संघ. माझ्यामागं खोकलेबाई आली — नाव काहीतरी वेगळं आहे तिचं, पण खोकते फार. मग तो रिटायर कंपाउंडर आला, त्याला घरात सून टिकू देत नाही. दर शुक्रवारी या बाजूच्या खोलीत जमतो, दोन गाणी म्हणतो, कंपाउंडरला डुलकी लागते. आणि वरती कळवतात, तरुण संघ नियमित भरतो. भरतो की. खोटं कुठंय त्यात?

तुला अरे-तुरे करतेय, चालतंय ना? आल्या आल्या अहो-जाहो करणार होते, पण तुझ्या शर्टाच्या एकाच बाहीला इस्त्री आहे. अशा माणसाला माझ्या तोंडून अहो निघत नाही.

बस ना. मी दमलेय, तू उभा राहिलास की मला मान वर करावी लागते. प्रत्येक नवा पाळक येतो तो या खिडकीशीच उभा राहतो, खाली पायऱ्यांवर बसलेली पोरं बघतो आणि त्याचे डोळे कसे चमकतात — तळ्यात मासे दिसल्यासारखे. एकानं ड्रम आणला, शेजारच्यांनी पोलीस बोलावले. एकानं फुटबॉल आणला, तो त्या समोरच्या गॅरेजच्या पत्र्यावर आहे अजून, जाताना बघ. तुझ्या आधीचा, तो गिटारवाला, माणूस वाईट नव्हता. पण त्याला वाटायचं, ही पोरं आमच्या गाण्यासाठी खिडकीखाली बसतात. चक्क व्यासपीठावरनं बोलला — आपल्या वयस्क भगिनींच्या सुरांनी बाहेरची लेकरं ओढली जातायत. खोकलेबाई रडली रे. मी तोंडात रुमाल कोंबून बसले. कारण तो पडदा सरकव — सरकव की, साप नाही आहे — ती वायर दिसली? खिडकीतून खाली जाते ती? तिच्या टोकाला बोर्ड आहे. पोरं त्यावर फोन चार्ज करतात. या गल्लीत एकेका खोलीत चौघं-पाचजण, प्लग एकच, आणि तो फ्रिजला. मग काय करतील? मी सोडली वायर. विजेचं बिल मंडळी भरते, देवाच्या घरची वीज, ती काय नुसत्या पंख्याला घालायची?

तर गिटारवाल्यानं त्यांना आत बोलावलं. याच खोलीत. खुर्च्या गोल मांडल्या आणि म्हणाला, एकेकानं उठून साक्ष द्या, देव तुमच्याशी काय बोलला. पोरं खाली बघायला लागली. मग माझी नात उठली. बटण. लहानपणी बापाच्या शर्टाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून बटण. ती उठली आणि म्हणाली, मी रोज प्रार्थना करते, मला काहीच ऐकू येत नाही. तुम्हाला कुणाला येतं का? खरंच विचारते. आणि ती खरंच विचारत होती रे, तोंड वेंगाडून नाही, नाटक नाही. तेवढ्यात मागनं तिचा बाप उठला. माझा मुलगा, ओळखतोस ना, मंडळीचा वडील. आमच्यात हा घोटाळाच आहे बघ, मंडळीतल्या त्या पदालाही वडीलच म्हणतात. तो तिकडे वडील झाला तसा घरी वडील राहिलाच नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, आत्ताच्या आत्ता माफी माग. तिनं खुर्ची नीट सरकवली, जागेवर ठेवली आणि गेली. घरूनही गेली. तिच्यामागं बाकीची पण गेली. पायऱ्या मोकळ्या. बोर्ड नुसता लोंबत राहिला, मांजर त्याच्याशी खेळायचं.

गिटार? गिटार नेली त्यानं बदली झाल्यावर. खुर्च्या तेवढ्या राहिल्या.

आता आलीत परत. हळूहळू, एकेक करून. ती पण येते, पण पायरीच्या वर नाही. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे, मैत्रिणीबरोबर खोली घेतलीय. आणि आता तुझी कमिटी — म्हणजे माझा मुलगाच — म्हणते पायऱ्यांना ग्रिल लावा. बाजूला बसायला जागा नसली की पुढच्या दारानं आत येतील, असं म्हणतो तो. तुझंही तेच म्हणणं? नाही, मान हलवलीस ती हो म्हणून का नाही म्हणून? अरे, पुढच्या दारात स्वागताला कोण उभा असतो दर रविवारी? वडील. कशी येईल ती?

मग काय करायचं तरुणांचं, मला विचारतोस. मला काय माहीत. मला माहीत असतं तर कंपाउंडरबरोबर गाणी म्हणत बसले असते का? मी चौथीत शाळेला टाटा केला. ग्रिल लावू नको, एवढंच सांगते. आणि त्या पायरीवरचा दिवा गेलाय, तो बदल, पोरी अंधारात बसतात. हे काही काम नाही म्हणतोस? नसेल. मग दुसरं काम शोध आणि दिवा पण बदल.

आणि तिनं विचारलं ना, ऐकू येतं का... मला पण कधी आलं नाही. आता बघतोस कशाला असा? एवढी वर्षं डोळे मिटून बसते, मला ऐकू येतो तो खोकलेबाईचा खोकला. मी समजत होते, कानाचा दोष असेल. बाकीच्यांना येत असेल, आपण गप बसावं. आणि ती पोर उभी राहून... जाऊ दे. कुणाला सांगू नको. सांगितलंस तर मी म्हणेन, म्हातारीनं थट्टा केली. म्हणून तर आधीच बजावलं, ठेवून दाखव विश्वास.

तुला आणखी एक गंमत सांगते, मग तू ऊठ. ती खाली येऊन बसली की मी इथून बटण बंद करते. बोर्डाचं. मग ती वर चढते, काचेवर टकटक करते, आज्जी, बोर्ड गेला. मी म्हणते, बघ बाई, मला काय कळतंय त्यातलं. ती खिडकीतून हात आत घालते, वायर चाचपते, इकडे ओढते, तिकडे ओढते. तेवढ्यात मी हात बघून घेते. कामात चटके बसतात तिला, बोटांना. मलम असतं इथं खिडकीच्या आत, ते जातं तिच्याबरोबर. बोलत काही नाही आम्ही. म्हणजे, जेवलीस का, हो. एवढंच. जो दिवसभर मोबाईल उघडून बसतो, त्याला बटण बंद आहे हे कळत नाही होय रे? कळतं. पण ती वायरच चाचपते. बराच वेळ चाचपते.

टेप शोधतोयस? टेबलावर नाही ती, माझ्या पिशवीत आहे, कधीची. वडिलांना सांग, माप मिळालं नाही. विचारलं का, तर सांग म्हातारीनं चोरली, पटेल त्याला.

थांब, बोलू नको. ऐकलंस? चपला वाजल्या. मघाशी तू पडद्याशी होतास तेव्हाच मी बटण बंद केलंय. चढतेय ती. तू दिसलास तर अर्ध्यातून फिरेल, पाळक दिसला की फिरतेच. त्या मागच्या दारानं, आवाज न करता. खुर्ची राहू दे तशीच.

जा आता.