तक्रार, जशीच्या तशी

(उत्तर हॉलंडमधलं एक खेडं. ट्यूलिपचे कंद वाळवायची जुनी शेड, आता तिथे लोकांचे सर्व्हर भाड्याने ठेवतात. नानिंग इथला जुना कामगार, मारित तक्रारींच्या टेबलावर नवी. सकाळची कॉफी.)

नानिंग : तो माऊस सोड आणि इकडे बघ. एक गोष्ट सांगतो, मग काय करायचं ते कर. मोठी नाही, कॉफी निवायच्या आत संपेल.

मारित : नानिंग, तक्रार आलीय. गेममध्ये लबाडी करायचं सॉफ्टवेअर विकतात ना, तिसऱ्या रांगेतले, त्यांच्यावर. आणि ते पाठवायचं बटण आता…

नानिंग : ऐक तर आधी. त्यांच्यावरच आलीय म्हणूनच बसलो. अशी एक तक्रार मीही पाठवलीय. बिस्किट घे. एकच घे, डिर्क मोजतो.

मारित : तुम्ही पाठवलीत? तुम्ही तर केबली ओढता.

नानिंग : केबली ओढतो, पंखे पुसतो. त्याआधी याच शेडमध्ये बावीस वर्षं कंद सोलले. शेड डिर्कने विकत घेतली तेव्हा त्याने विचारलं, हा माणूसही शेडबरोबर येतो का. आलो. शाळेचं आणि माझं जमलं नाही, पण कुठलं मशीन तापलंय ते पाठीवर हात ठेवून सांगतो. ती तक्रार आली त्या आठवड्यात तुझ्या जागेवरची बाई सुट्टीवर होती. डिर्क म्हणाला, तू बस, एक बटण तर दाबायचंय.

मारित : म्हणजे ही वीत्स्केची गोष्ट. नाव ऐकलंय मी. सगळं कुणी सांगत नाही.

नानिंग : सांगणार कोण? वीत्स्के फ्रीसलंडची. तिकडे तळ्यांवर जुन्या मालवाहू होड्यांच्या शर्यती लागतात, ती तपकिरी शिडं. तिने त्याचा गेम केला. एकटीने, सहा वर्षं. म्हाताऱ्या आईला सांभाळत, घरात बसून. रविवारी दुपारी दोनला शर्यत सुटायची आणि हजारभर माणसं आपापल्या खुर्चीतून होडी हाकायची. त्यातले कितीतरी खरे खलाशी गं, गुडघे गेलेले. तिची दोन मशीनं आपल्या पहिल्या रांगेत. मीच बसवली होती.

मारित : आणि लबाडीवाले तिसऱ्या रांगेत.

नानिंग : अकरा पावलं. साठ गेमची लबाडी विकायचे. भिंतीपलीकडचा माणूस दिसतो, नेम आपोआप लागतो, असलं. एक दिवस त्या यादीत होड्याही आल्या. पैसे भर, मग होडी कुठंही वळव, वारा तुझ्या पाठीलाच.

मारित : किती जणांनी घेतलं असेल? वीस? तीस?

नानिंग : तेवढेच असतील. पण त्याने काय होतं ते बघ. एकदा कळलं की कुणीतरी लबाड आहे, मग जिंकला तो लबाड. चाळीस वर्षं एका धक्क्यावर होड्या बांधलेली माणसं एकमेकांना शिव्या द्यायला लागली. एकाने तर भावाच्या वाढदिवसाला जायचं सोडलं. वीत्स्केने नवी कुलपं घातली, तिकडून नव्या किल्ल्या आल्या. मग तिने शोधलं की ही साइट राहते कुठे. तर आपल्याच शेडमध्ये. तिला वाटलं, सुटले. ओळखीची माणसं आहेत, काढतील. तिने आपल्याला तक्रारीचं पत्र लिहिलं.

मारित : पण त्यात बेकायदा काही नाही नानिंग. गेममध्ये फसवणं हा गुन्हा नाही आपल्याकडे. आपण जागा देतो, वीज देतो. आत काय ठेवायचं ते आपण ठरवायला लागलो तर आपण कोण?

नानिंग : डिर्क हेच म्हणाला. शब्द न् शब्द. आणि तो वाईट माणूस नाही. त्याच्या आधीचं तुला माहीत नाही. एका गावाने कोंबड्यांच्या मोठ्या शेडविरुद्ध साइट काढली होती, मेलेल्या कोंबड्यांचे फोटो. कोंबडीवाल्याच्या वकिलाचं पत्र आलं, डिर्कने घाबरून संध्याकाळपर्यंत साइट बंद केली. पुढे कोर्टात निघालं, फोटो खरे होते. त्या गावची एक बाई आली आणि डिर्कच्या टेबलापुढे नुसती उभी राहिली. त्या दिवसापासून त्याचं एकच, न्यायाधीशाचा कागद आणा, नाहीतर मी कुणालाही हात लावणार नाही.

मारित : मग बरोबरच आहे की त्यांचं.

नानिंग : मी कुठे चूक म्हणतोय? तीच तर पंचाईत आहे. बैठक बसली, लबाडीवाल्यांची साइट ठेवायची की काढायची. सहा जण, दोनदा कॉफी, प्रत्येकाने बोलायचं. दोन तास सगळे एकमेकांशी नीट वागले. माझी पाळी आली तेव्हा मला त्या होड्या आठवत होत्या. पण अकाउंटवाला घड्याळ बघत होता. म्हटलं, राहू दे, माझी हरकत नाही.

मारित : आणि पत्र?

नानिंग : पत्राची पद्धत ठरलेली. ज्याच्यावर तक्रार, त्याला ती जशीच्या तशी पाठवायची. दोघं बघून घेतील, आपण मध्ये नाही. आपल्या देशाचीच सवय ती. रस्त्यावरून जाणाऱ्याला आपल्या घरातला सोफा दिसतो, पडदा ओढला तर शेजारी विचारतो, काय लपवतोस. मला ते पत्रसुद्धा तसंच वाटलं. उघड, सरळ. खाली तिचं नाव, गल्ली, घर नंबर, फोन. मी वाचलं सगळं. सुंदर लिहिलं होतं. आणि बटण दाबलं.

मारित : नाव न झाकता.

नानिंग : झाकायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. कुणाच्याच आलं नाही. चौथ्या दिवशी तिच्या दारात काळी गाडी आली. दोन माणसं, काळे कोट, टोप्या हातात. दार आईने उघडलं. ते म्हणाले, न्यायला आलोय. कुणाला, तर कागदावर म्हातारीचंच नाव. कुणीतरी फोन करून तिच्या मरणाची वर्दी दिली होती.

मारित : देवा.

नानिंग : म्हातारीने त्यांना आत बसवून कॉफी दिली म्हणे. त्या माणसांनाच ओशाळं झालं होतं. पण ते गेल्यापासून तिने दार उघडणं सोडलं. वीत्स्के दुकानातून आली तरी बाहेरून अर्धा अर्धा तास समजावायची, आई, मी आहे.

मारित : पोलीस?

नानिंग : गेली. त्यांनी नीट लिहून घेतलं. आपल्याकडे त्या लबाडीवाल्या पोरांचं नाव होतं, ते खोटं निघालं. मग शनिवारी तिच्या मशीनांवर हल्ला. जगभरातून एकदम एवढी वर्दळ सोडली की सगळ्या शेडची लाइन तुंबली. दंतवैद्याच्या वेळा अडकल्या, चर्चच्या साइटवर अंत्यविधीची पत्रिका दिसेना. डिर्कचा मला फोन, ज्याच्यावर हल्ला होतोय ते काढ, बाकीचे श्वास घेतील. नियमच आहे तसा.

मारित : म्हणजे तिला काढलंत.

नानिंग : या हाताने. पाच मिनिटांत दंतवैद्य सुरू. तिसऱ्या रांगेतल्यांना काही झालं नाही, त्यांच्यावर कोण हल्ला करतंय? नऊ दिवस होड्या बंद राहिल्या. दोन रविवार गेले. माणसं निघून गेली ती गेलीच.

मारित : ती आली होती का इथे?

नानिंग : मशीनं न्यायला. लहान गाडी घेऊन. मीच उचलून आणली, जुनी गोधडी होती तिच्याकडे, तिच्यात गुंडाळली. ती डिकीपाशी उभी होती. म्हणाली, "माझं पत्र त्यांना कुणी दिलं?"

मारित : काय सांगितलंत?

नानिंग : म्हटलं, "इथली तशी पद्धत आहे."

मारित : आणि ती?

नानिंग : तिने मान हलवली. मला थँक यू म्हणाली, मशीनं नीट बांधली म्हणून. गेली. आता कुठल्याशा नगरपालिकेत फायली लावते असं ऐकलं. म्हणून म्हणतो मारित, साइट काढ म्हणत नाही मी. ते डिर्कलाही जमणार नाही आणि मला त्यातलं खरं-खोटं कळत नाही. पण पाठवायच्या आधी ते नाव तेवढं खोड. पत्ता खोड. कुणी विचारलं तर नानिंगने सांगितलं म्हण.

मारित : नानिंग, मी तेच सांगत होते मघाशी. बटण नाहीये आता. मे महिन्यापासून मशीनच पाठवतं. तक्रार आली की चार मिनिटांत पुढे जाते. मी फक्त नोंद करते.

नानिंग : ही कधी आली?

मारित : सव्वाआठला.

नानिंग : मी तेव्हा पंखे पुसत होतो.

मारित : डिर्कशी बोलूनही काही होणार नाही. त्यांनीच बसवून घेतलंय, सगळ्यांना विचारून. तुम्ही होतात त्या बैठकीला.

नानिंग : होतो. पडद्यावर रंगीत चौकोन दाखवत होते. कुणाला काही शंका, म्हणाले. मला विचारायचं काय तेच कळलं नाही. कुणाची आहे ही?

मारित : हार्लिंगनचे कोणी फोक्के. बुद्धिबळासारखा काहीतरी गेम चालवतात, बायको आणि ते. पत्ता दिलाय. फोनही. लिहिलंय, दिवसभर घरीच असतो, केव्हाही बोला.

नानिंग : पावणेदहा झाले.

मारित : हो.

नानिंग : मग त्याला फोन लाव, पोरी. उपाय विचारेल, तो आपल्याकडे नाही, तसंच सांग. पण तुमचं पत्र आम्ही त्यांच्या हातात दिलंय, एवढं आपल्या तोंडून ऐकू दे त्याला. तू बोल. मी इथे बसतो.