इसाकूचा वेग

...आणि परत तोच प्रश्न! तुम्हाला सांगतो, ओसाकातल्या ज्या थिएटरात जावं तिथं कुणीतरी नवशिक्या कानाशी येतो अन् कुजबुजतो, "तोराजीदादा, इसाकू नेमकं काय टोचून घ्यायचे हो?" अरे, माणूस कसा आहे ते विचार की आधी!

इसाकू माझा जोडीदार. तो तीन तारांचं शामिसेन वाजवत वाट्टेल ते बरळणार, मी हातातल्या पंख्यानं त्याच्या टाळक्यात हाणणार, हा आमचा धंदा. युद्ध संपलेलं, शहर जळून खाक, पोटात रताळं, अन् थिएटरचा मालक म्हणतो, "सकाळपासून रात्रीपर्यंत खेळ!" झोपायचं कधी? तेव्हा झोप उडवायचं इंजेक्शन दुकानात उघड मिळायचं हो, सर्दीच्या औषधासारखं! इसाकूनं घेतलं... आणि काय सांगू! बोटं दिसेनात! एक विनोद संपतोय तोवर पुढचे दोन! मी पंखा उचलेपर्यंत गडी भलतीकडेच! लोक हसले. असे हसले, की सगळ्या जोड्या त्याच वेगानं बोलायला लागल्या, अन् भर उन्हाळ्यात सगळ्यांच्या बाह्या मनगटापर्यंत! पेपरवाले लिहितात, 'नव्या काळाचा वेग'! कसला काळ? दंडातला वेग तो!

मग ह्याला भिंतीतून आवाज यायला लागले. "तोराजी, तू माझे विनोद चोरून विकतोस!" हे भर खेळात, खरंखुरं, डोळे तांबारलेले. मी गयावया करतोय, "इसाकू, घरी चल रे बाबा..." लोक हसले! एकदा धाडकन कोसळला, तोंडाला फेस. मी ओरडलो, "पडदा पाडा! माणूस मरतोय!" त्यावर तर टाळ्या!

वाचला. बायकोनं, हानाएनं वाचवला. खोलीत कोंडून, त्याच्या शिव्या अन् गुद्दे खाऊन. परत आला तेव्हा... अहो, काय वाजवलं त्यानं! सुरासुरावर थांबत, पूर्वी वाजवायचा तसं. मला रडू आलं. लोक हसले नाहीत. मागून एकजण ओरडला, "ए आजोबा, झोपलास काय?" पस्तिशीचा माणूस हो! त्यानं शामिसेन गुंडाळलं अन् सासऱ्याच्या तोफूच्या दुकानात जाऊन बसला.

तेव्हापासून मी एकटाच. त्याचंही बोलतो, माझंही बोलतो, त्याच वेगानं. परवा ऐकायला आला होता. आत येऊन म्हणतो, "छान झालं रे. पण केवढी घाई! मला काही कळलंच नाही."

म्हटलं, "मला तरी कुठं कळतं, इसाकू? लोक हसतात."