दसऱ्याचं ग्रीस

आजच्या निरोपसोहळ्याच्या अध्यक्षा आणि आपल्या खाडी बचाव पथकाच्या प्रमुख माननीय नीलिमाताई, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती वाल्मिकराव, त्यांच्या शेजारी हातातला गुच्छ कुठे ठेवावा या विचारात बसलेल्या वैजयंतावहिनी, मोरव्याहून आलेली मंडळी आणि पथकातल्या माझ्या भावा-बहिणींनो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम. मी उदय. आपली पाण्यात आणि चिखलात, दोन्हीकडे चालणारी आठ चाकांची गाडी गेली नऊ वर्षं मी चालवतोय. भाषण पहिल्यांदाच करतोय, तेव्हा सांभाळून घ्या.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. या गाडीची चाकं साखळ्यांवर फिरतात. सायकलला असते तशीच साखळी, फक्त जाड, आणि ती गाडीच्या पोटात, फळीखाली असते. वरून गाडी कितीही धुतलेली दिसो, आत खारा चिखल साखळीला खात असतो. कोणाला दिसणार तो? वाल्मिकरावांना दिसायचा. गाडी खाडीतून आली की आम्ही चहाला पळायचो, हे फळी उघडून बसायचे. गोड्या पाण्याने चिखल काढायचा, फडक्याने कोरडं करायचं, ब्रशने एकेका कडीला पातळ तेल लावायचं आणि वर राहिलेलं तेल पुसून टाकायचं. मी विचारलं, "पुसायचंच तर लावायचं कशाला?" म्हणाले, "साखळीला तेल पाजायचं असतं रे, माखायचं नसतं. माखलं की चिखल चिकटतो." हा प्रश्न मी विचारला खरा, पण नको ते करून बसल्यावर.

आता मघाशी वाचलेल्या मानपत्राबद्दल. सुंदर लिहिलंय. कष्टाळू, वक्तशीर, मनमिळाऊ, सगळं आलं. पण गेल्या वर्षी शिवाकाका निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मानपत्रात 'निष्कलंक सेवा' असे दोन शब्द होते. आज ते नव्हते. वहिनींच्या ते लक्षात आलं, मी त्यांच्याकडेच बघत होतो. कारण असं, की वाल्मिकरावांच्या फाईलला एक मेमो आहे. साखळीच्या देखभालीत हलगर्जी, साखळीला ग्रीस फासलं म्हणून. ताई, चौकशीत तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही लिहिलंत, तुमचं काही चुकलं नाही. पण ते ग्रीस मी लावलं होतं.

मला नोकरीला लागून चारच महिने झाले होते. दसऱ्याला वाल्मिकराव नेहमीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले, तिथून आठ दिवस गावी. आमच्या रत्नागिरीकडे दसऱ्याला सगळी हत्यारं, अवजारं पुसून पूजतात. म्हटलं, गाडीची पूजा करतोच आहोत तर साखळीही चकाचक करू. डबाभर ग्रीस थापलं. काय चमकत होती हो. हार घातला, फोटो काढले, फळी लावून टाकली. त्यानंतर खाडीत चार फेऱ्या मारल्या आणि एकदाही फळी उघडली नाही.

वाल्मिकराव आले ते स्टेशनवरून थेट शेडमध्ये. पिशवी खाली ठेवतात तोच फोन आला, मोरव्याचे नाथाकाका होडीसकट चिखलात रुतलेत आणि भरती लागलीय. आम्ही दोघं गेलो, काकांना गाडीत घेतलं आणि निघतो तोच साखळी उतरली. ही गाडी बुडत नाही, पण साखळी नसेल तर नुसती वाहत जाते, आणि पाणी आम्हाला कुठे नेईल याचा नेम नव्हता. नाथाकाका समोर बसलेत, ते तेव्हा म्हणाले होते, "गाडी झकास हाय, पन हलत न्हाय." वाल्मिकरावांनी फळी काढली. आत ग्रीस आणि चिखलाचा काळा लगदा. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि हातांनी तो उपसायला लागले. अर्ध्या तासाने साखळी बसली. त्यांची बोटं सोलून निघाली होती.

चौकशीत ते एवढंच म्हणाले, "देखभाल माझी जबाबदारी." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुझी नोकरी अजून कच्ची आहे, माझी पक्की आहे. एका कागदाने मला काय होतंय? उद्यापासून फळी माझ्यासोबत उघडायची." तेव्हापासून आम्ही दोघं रोज साखळीपाशी बसलो. ते मला माझ्या भाताच्या डब्यावरून चिडवायचे, मी त्यांना चष्म्यावरून. साखळी पुन्हा कधी उतरली नाही. माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा वेळ तोच.

मग नऊ वर्षं मी गप्प का बसलो? आधी भीती होती, नंतर सवय झाली. पण वाल्मिकराव, त्या कागदाने झालं. आज वहिनींच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं, की झालं. तुम्ही मला खाली बसायची खूण करताय ते दिसतंय मला. आज ऐकणार नाही.

नीलिमाताई, ते दोन शब्द मानपत्रात लिहावेत ही हात जोडून विनंती. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. ग्रीसचं मात्र पोटात घालू नका. तो मेमो त्यांच्या फाईलमधून काढा आणि माझ्या फाईलला लावा.