रविवारचे बाबा

—म्हणजे संक्रांत. दिवाळीला यायचा स्वराज आता संक्रांतीला येणार, असं सरळ म्हण ना, हेमाली. 'उन्हाळी मोहीम', 'मुदतवाढ' हे सगळं ऑफिसात बोलायचं. आपल्याकडं थंडी पडली की तिकडं उन्हाळा, एवढं मलाही कळायला लागलंय आता. पोरगा पृथ्वीच्या तळाशी बर्फात जाऊन बसला की आईला भूगोल येतोच. बस, पंख्याखाली बस. शहाळी कशाला आणलीस एवढी? केळव्याला घरच्या वाडीतलीच असतील, तरी बोईसरपर्यंत ओझं वाहायचं — आणि मी एकटी किती पिणार? एकटीच, हो. तुला माहीत नाही असं थोडंच आहे. हे गेले तेव्हा तुमच्या ऑफिसातून पहिला फोन तुझाच होता.

काय म्हणाली होतीस, आठवतं? "काकू, तिथं आत्ता दिवसासुद्धा अंधार असतो. विमान नाही, जहाज नाही. स्वराजला कळलं तरी येता येणार नाही. सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा." म्हणे, तुम्ही ठरवा! हे पहिल्या पाळीला म्हणून घरातून निघाले, आणि नवापूर नाक्याच्या अलीकडंच रिक्षात मान टाकली. मी इकडं पोह्यांवर ताटली झाकून बसलेली. आणि मी ठरवायचं. बरं बाई, ठरवलं. एकुलता एक मुलगा, पण अग्नी पुतण्यानं दिला. नीलेशनं. सगळ्या नातेवाइकांना शपथा घातल्या — फोनवर फोटो टाकायचा नाही, 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायचं नाही, स्वराजला कुणी कळवायचं नाही. यांच्या कंपनीतले लोक फ्लेक्स लावणार होते कुंभवलीच्या फाट्यावर, तोसुद्धा लावू दिला नाही मी. माणूस गेला, आणि कुणाला कळू नये म्हणून मी पळत होते, चोरी केल्यासारखी.

दहाव्याला तर कावळाच शिवेना. तू हसशील, तू शिकलेली — हसत नाहीस? मग ऐक. नदीवर पिंड ठेवला, समोर झाडावर कावळे हे एवढे, पण एक खाली येईल तर शपथ. नीलेश म्हणाला, काका, काकूला मी सांभाळीन. नाही. माझी नणंद अर्चना म्हणाली, दादा, स्वराजचं लग्न मी लावून देते. नाही. मग तीच रडत म्हणाली, दादा, पोराला बोलावून घेतो. तर जो बसला होता खालच्या फांदीवर तोही वर गेला. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी मी पुढं झाले. म्हटलं, अहो, स्वराजचं तिथलं काम मी मोडू देणार नाही. परत येईपर्यंत त्याला कळू देणार नाही. हात जोडेपर्यंत कावळा पिंडावर. त्याला भूक लागली असेल, मलाही कळतं तेवढं. पण सगळ्यांच्या देखत शब्द गेला ना माझा. जनरेटर उघडायला यांनीच शिकवलं होतं त्याला. त्याची निवड झाली तेव्हा सगळ्या एमआयडीसीत पेढे वाटले. मला वाटलं, यांना हेच हवं असेल.

म्हणून मग दर रविवारचं नाटक. त्याचा फोन दुपारी येतो, चेहरा दिसतो, तुमच्याच कृपेनं. पहिला प्रश्न ठरलेला — "बाबा कुठंयत?" बाबा पाळीवर गेलेत. बाबा डबल पाळीवर आहेत. बाबा रात्रपाळी करून आत्ताच झोपलेत, उठवू का? नको म्हणतो, झोपू दे. जिवंतपणी एवढ्या पाळ्या केल्या नाहीत या माणसानं! एकदा गावी पाठवलं, घराचं छप्पर बघायला. एकदा दाढदुखीनं तोंड सुजलंय म्हटलं. आणि हे बघतेयस ना, मघापासून बघतेयस कपाळाकडं — टिकली, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या — हे रविवारचं. त्याला चेहरा दिसतो ना. फोन झाला की काढून ठेवते. अर्चनावन्सं म्हणतात, वहिनी, तुम्ही काय आठवड्याच्या बाजारासारख्या सवाशीण होता? बोलू देत. त्यांनाही त्रास होतो.

पण खरं सांगू तुला? सुरुवातीला रविवार नकोसा वाटायचा. मग... मग मी शुक्रवारपासूनच विचार करायला लागले, या रविवारी यांना कुठं धाडू. काय खाल्लं म्हणून सांगू. बाकी सगळे 'होते, होते' म्हणतात गं. बँकेत 'होते', रेशनच्या दुकानात 'होते'. तो एकटाच विचारतो, बाबा जेवले का, बाबांचं गुडघ्याचं कसंय. तेवढा वेळ हे असतात. आत झोपलेले असतात. मी हळू बोलते, झोपमोड नको म्हणून. — जाऊ दे. हे काय मी तुला सांगत बसले.

तर तू आलीयेस ते मला गप्प बसवायला, संक्रांतीपर्यंत. कळलं मला. आत दूर बर्फावर तंबू टाकायचे, शास्त्रज्ञ बर्फात खोल भोक पाडून नमुने काढणार, आणि ती रणगाड्यासारखी पट्ट्यांची गाडी चालवायला आणि बिघडली तर उघडायला स्वराजच पाहिजे. कोण कुठल्या तंबूत, डिझेल किती, कुठल्या पेटीत डाळ नि कुठल्या पेटीत ड्रिलची पाती — हे सगळं तूच लावतेस ना इथं बसून? माझा मुलगाही त्यातच लावून टाकलास. लाव. मी सांगणार नाही त्याला. पाळ्या काय, अजून पुष्कळ आहेत माझ्याकडं. पण एक विचारू? पहिलं विमान आता जातंयच ना तिकडं? मग परतीच्या जागेत त्याला —

अशी खाली का बघतेस?

हेमाली. वर बघ. गेल्या रविवारी त्यानं बाबांचं विचारलंच नाही. मला वाटलं, कामात असेल. जेवलीस का म्हणून दोनदा विचारलं त्यानं. आणि माझ्या कपाळाकडं बघत होता — मला वाटलं, टिकली वाकडी लागली असेल, मी बोटानं सरळ केली. त्याच्यासमोर. त्याला... तेव्हा माहीत होतं?

कुणी सांगितलं? तुमच्या तिथल्या प्रमुखांनी. बरोबर आहे, विमानात जागा झाली म्हणजे विचारायलाच हवं, नियम असेल. मग? जागा देत होता तुम्ही? — आणि तो नको म्हणाला. रडला का? ... बरं. रडला. आणि मग म्हणाला, काम संपवून येतो. आणि मला कोण सांगणार? — तू. "आईला तू सांग" म्हणाला. पेट्या, डिझेल, तंबू, आणि आईही तूच बघ.

नाही, पाणी नको मला. मी ठीक आहे. मीच नाही का म्हटलं होतं नदीवर, काम मोडू देणार नाही म्हणून? नाही मोडलं. कावळा खूश असेल. पण मी टिकली सरळ करत होते गं, आणि तो बघत बसला. एवढं म्हणायचं, आई, ते काढून ठेव आता. नाही तर विचारायचं तरी, नेहमीसारखं, बाबा कुठंयत. कळल्यावरही विचारता आलं असतं. माझ्यासाठी.

आला बघ त्याचा फोन. नाही, तू नको थांबू. तुझं काम झालं. काय सांगायचं ते मी बघते. शहाळी घेऊन जा — नाहीतर राहू देत. ऊठ. दार ओढून घे जाताना.

हां, बोल स्वराज. दिसतोयस, दिसतोयस. दाढी केलीस वाटतं? मी बरी आहे. जेवले. घरी? नाही रे, कुणी नाही आलं. कोण यायचं होतं? — नाही, हेमाली-बिमाली कुणी नाही. तू तुझं सांग. गाडी झाली का दुरुस्त? चांगलं झालं. कानटोपी घालत जा. आणि? ... काहीच नाही कसं? दर रविवारी पहिलं विचारतोस, ते राहिलंच की तुझं. असा बघू नकोस. विचार ना रे. विचार, बाबा कुठंयत म्हणून.